स्वच्छ प्रत

कुंभकोणम, १९०६

ये सेंदिल, बस. हातांना राखेचा वास येतोय तुझ्या.
मँचेस्टरचं धोतर जाळलंस, कळलं मला.
माझंच होतं ते.
चौकात म्हणे तू म्हणालास,
म्हाताऱ्यांचं राजकारण म्हणजे
वाडगा घेऊन दारोदार.
असेल.
मी तर वाडगा धरणाराही नव्हे,
वाडग्यावर नक्षी काढणारा.

तिरुमलाचारियार वकिलांच्या ओसरीवर
एकवीस वर्षं स्वच्छ प्रती काढल्या मी.
मसुदा त्यांचा, इंग्रजी त्यांची,
अक्षर माझं.
'अत्यंत नम्रपणे'
हे दोन शब्द डोळे मिटूनही
मी अजून सरळ रेषेत लिहीन.

मिठाच्या कराचा अर्ज चालला होता त्या साली
वेदारण्यमहून मुनियम्मा आली, दोन दिवस चालत.
तिचा दीर तुरुंगात होता.
जमिनीवर आपसूक फुललेलं मीठ
ओंजळभर उचललं, एवढाच गुन्हा.
ओसरीखाली उभी राहून तिने सगळा अर्ज ऐकला,
मी तमिळमध्ये सांगत गेलो तसा:
घरटी मीठ किती, कर किती,
मजुराच्या किती दिवसांची मजुरी त्यात जाते.
मग म्हणाली, माझं नाव घाला.

चारियार वाईट नव्हते.
चष्मा काढून, पुसून, हळू म्हणाले,
"बाई, सह्या लागतात. पदवीधर, मिरासदार,
नगरपालिकेचे सभासद.
अंगठ्यांनी अर्जाचं वजन कमी होतं."
ती काहीच बोलली नाही.
वजन म्हणजे काय, हे डोक्यावर मीठ वाहणारीला
कोण सांगणार?

ते जेवायला आत गेले.
मी दौत पुढे केली.
का केली, ते आजही सांगता येत नाही.
मिठाने चिरलेला अंगठा,
शाई आधी भेगांत शिरली, मग कागदावर आली.
सतराव्या पानाच्या तळाशी,
'अर्जदार सदैव प्रार्थना करतील' याच्या खाली.

"अरुणगिरी, डाग पडलाय."
"हो स्वामी."
"पान नवीन कर."
"टपाल आज निघतंय, स्वामी."
त्यांनी पान खिडकीशी नेलं.
बराच वेळ नेलं.
मग स्वतःच्या हाताने त्यावर टीपकागद ठेवला,
आणि दाबला
इतका अलगद, की एक रेष फिसकटली नाही.
त्यानंतर कधी तो विषय निघाला नाही.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. दीड ओळ.
अर्ज पोचला.
कागद मात्र काय सुंदर होता, जाड, पाणचिन्हाचा.
तुझ्या आईने त्यात हळकुंडं बांधली.
कर पुढे वाढलाच.
मग फार वर्षांनी थोडा उतरला;
आमच्यामुळे की कशामुळे, देव जाणे.

अळणी होतो आम्ही, बरोबर आहे तुझं.
पण खाल्ल्या मिठाला जागा, असं जो तो सांगत असताना
मुळात हे मीठ कुणाचं,
एवढं तरी विचारलं होतं त्या अर्जात.
अत्यंत नम्रपणे.

घे, कागद घे. आकडे मला पाठ आहेत.
उद्या चौकात लागतील तुला,
ओरडून सांग हवं तर,
माझ्या अक्षराला ओरडता येत नव्हतं.
आणि एक सांग.
तुमच्या त्या सभेत
मुनियम्मासारखी कुणी आली,
तर कुठे बसवता तिला?

गप्प का झालास?
धोतराचं राहू दे रे.
विरलंच होतं ते.